आपली भाकर आपण मिळवणारा राखणदार

(नारायणगडाच्या पायथ्याशी नवसाक्षर वाचकांपुढे केलेले भाषण)



आज आपण नारायणगडाच्या पायथ्याशी जमलो आहोत. या गडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. येथे आलेला माणूस मान वर करतो आणि कळस पाहतो. आज आम्ही तुम्हांला कळसाच्याही वर, पार आभाळापलीकडे नेणार आहोत. पण वाट शेतातूनच जाते. जे तुमच्या घरात आहे, रानात आहे, त्याच्याच आधाराने आपण चालू.

विषय असा आहे. माणसाने अवकाशात पुष्कळ यंत्रे पाठवली आहेत. यंत्र म्हटले की वीज आली. तेथे तारा नाहीत, डीपी नाही, लाइनमन नाही. मग हलण्यातून, धक्क्यातून, थरथरण्यातून यंत्राने आपली वीज आपणच मिळवावी, अशी खटपट शास्त्रज्ञ करीत आहेत. ही खटपट काय आहे, ती किती साधली आहे, आणि तिच्यातून आपण काय शिकायचे, एवढेच आज सांगायचे आहे.

राखणदार म्हणजे कोण?

ज्वारी हुरड्यात आली की पाखरे उतरतात. मग शेतात माळा घालतात. माळ्यावर राखणदार बसतो. त्याच्या हातात गोफण असते. तो नांगरत नाही, खुरपत नाही. पाहतो, ऐकतो, आणि वेळेला हाक देतो. एवढेच त्याचे काम. पण हे काम झाले नाही तर घरात दाणा येत नाही.

यंत्रांतही असा राखणदार असतो. त्याला सेन्सर म्हणतात. मोबाइल आडवा धरला की त्यातले चित्र आडवे होते. कानाला लावला की त्याचा पडदा विझतो. हे कोण करते? आतला सेन्सर करतो. कोणता सेन्सर उष्णता जाणतो, कोणता उजेड जाणतो, कोणता धक्का जाणतो. जाणतो आणि कळवतो.

किल्लारीचा भूकंप आठवणारी माणसे आपल्यात आहेत. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो माणसे घराखाली गेली. जमिनीची अशी थरथर मोजणारे यंत्र असते. त्याला भूकंपमापक म्हणतात. तोही एक राखणदारच. तो रात्रंदिवस जमिनीला कान लावून बसतो.

असे राखणदार माणसाने चंद्रावर आणि मंगळावरही नेऊन बसवले आहेत.

भाकर संपली की राखण थांबते

माळ्यावरच्या राखणदाराला दुपारी कोणीतरी भाकर नेऊन देते. नाही दिली तर तो किती वेळ बसेल? सेन्सरची भाकर म्हणजे वीज. गावात वीज गेली तर आपण तास मोजतो. अवकाशात गेली तर काय होते, याच्या तीन खऱ्या गोष्टी ऐका.

पहिली गोष्ट आपल्याच देशाची. भारताचा पहिला उपग्रह आर्यभट. १९ एप्रिल १९७५ ला तो रशियाच्या रॉकेटातून वर गेला. वजन ३६० किलो. आपल्या माणसांनी तो बंगळूरला बांधला होता. सारा देश हरखून गेला. पण वर गेल्यावर चार दिवसांत त्याच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि विज्ञानाचे प्रयोग थांबले. उपग्रह पृथ्वीभोवती फिरत होता, यंत्रे जागेवर होती, पण त्यांना भाकर नव्हती. वर जाऊन तार जोडणार कोण?

दुसरी गोष्ट चंद्राची. २३ ऑगस्ट २०२३ ला आपले चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरले. ते आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिले. त्याच्या विक्रम नावाच्या भागावर थरथर मोजणारे एक यंत्र होते. त्याचे नाव इल्सा. बग्गी चालली की तिच्या चालण्याची थरथर इल्सा टिपत असे. २६ ऑगस्टला त्याने एक वेगळी थरथर टिपली. ती बग्गीची नव्हती. ती नैसर्गिक असावी, असे शास्त्रज्ञांना वाटले.

पण चंद्रावर दिवस आपल्या सुमारे १४ दिवसांचा असतो आणि रात्रही तेवढीच लांब. विक्रमची वीज सूर्याच्या उन्हातून येत होती. रात्र पडण्याआधी, ४ सप्टेंबरला, त्याला झोपवले. चंद्राच्या रात्रीची थंडी आपल्या बर्फाच्या थंडीच्या कितीतरी पलीकडची. सकाळ झाल्यावर हाका मारल्या. विक्रम जागा झाला नाही. ठरवलेले काम त्याने आधीच पुरे केले होते, म्हणून दुःख नाही. पण ऊन गेले की राखण गेली, ही गोष्ट ध्यानात घ्या.

तिसरी गोष्ट मंगळाची. अमेरिकेचे इनसाइट नावाचे यान २६ नोव्हेंबर २०१८ ला मंगळावर उतरले. त्याने मंगळाच्या जमिनीला कान लावला आणि चार वर्षांत १,३०० हून अधिक धक्के मोजले. पुढे काय झाले? धूळ बसली. उन्हावर वीज करणाऱ्या त्याच्या पत्र्यांवर थरावर थर चढला. आपल्याकडे सोलर पंपाच्या पत्र्यावर धूळ बसली तर आपण फडके मारतो. तेथे फडके मारायला कोणी नव्हते. वीज घटत गेली. डिसेंबर २०२२ मध्ये ते यान गप्प झाले. भूकंपमापक चांगला होता. तो उपाशी राहिला.

हे दुःख तुम्हांला समजावून सांगायला नको. आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी किती कुटुंबे ऊसतोडीला जातात. टोळी फडावर असते. कोपीत वीज नसते. मोबाइलची बॅटरी संपते. इकडे गावात म्हातारी आई वाट पाहत बसते. मुलगा धडधाकट असतो, मोबाइल धड असतो, तरी निरोप येत नाही. कारण एकच. बॅटरी म्हणजे बांधून दिलेली शिदोरी. शिदोरी कधी ना कधी संपतेच.

म्हणून शास्त्रज्ञांच्या मनात आले, की राखणदाराने आपली भाकर बसल्या जागी आपणच मिळवली तर?

हलण्यात ताकद आहे

भाकर मिळवायची कशातून? ऊन नसेल, वारा नसेल, तर उरले काय? उरले हलणे.

गडावर भजन चालते तेव्हा पाहा. टाळावर टाळ पडतो. मृदंगाच्या पुडीवर थाप पडते. पुडी थरथरते, हवा थरथरते, आणि ती थरथर आपल्या कानापर्यंत येते. जवळ पाण्याने भरलेला तांब्या असेल तर पाण्यावरही बारीक लाटा उठतात. म्हणजे थापेची ताकद तांब्यापर्यंत गेली. हलणे, आपटणे, थरथरणे यांत ताकद असते. या ताकदीला ऊर्जा म्हणतात.

या ऊर्जेची वीज करता येते. तुमच्यापैकी अनेकांनी ते केलेले आहे. जुन्या सायकलला डायनामो असे. तो चाकाला टेकवला की दिवा लागे. पायाची ताकद चाकात, चाकाची डायनामोत, आणि डायनामोची दिव्यात. पण आणखी एक गोष्ट तुमच्या पायांनी तुम्हांला सांगितली असेल. डायनामो टेकवला की पायडल जड होते. दिवा फुकट लागत नव्हता. त्याचा हिशेब पाय देत होते. ही गोष्ट मनात जपून ठेवा. पुढे ती आपल्या फार कामाला येणार आहे.

साखरेच्या खड्यातली वीज

डायनामोला फिरणारे चाक लागते, लोहचुंबक लागते. नुसत्या थरथरीतून वीज कशी काढायची? त्याचा शोध १८८० साली फ्रान्स देशात, पॅरिस शहरात लागला. जॅक क्युरी आणि पिएर क्युरी हे दोघे सख्खे भाऊ. दोघेही विशीतले. यांतला पिएर म्हणजे रेडियम शोधणाऱ्या मादाम क्युरीबाईंचा पुढे झालेला नवरा.

या भावांनी निरनिराळे स्फटिक घेतले. स्फटिक म्हणजे ठरावीक आकारात बांधलेला खडा. मीठ पाहा, खडीसाखर पाहा, गारगोटी पाहा. त्यांनी हे खडे दाबले आणि अगदी नाजूक मापाने तपासले. काही खडे दाबताच त्यांच्या एका बाजूला धन वीज आणि दुसऱ्या बाजूला ऋण वीज जमा झाली. दाब काढला की ती गेली.

आता नीट ऐका. त्या खड्यांत गारगोटीच्या जातीचा स्फटिक होता, आणि उसाच्या साखरेचाही स्फटिक होता. होय, तीच साखर. ज्या उसासाठी आपली माणसे पहाटेच्या थंडीत कोयता चालवतात, त्या उसाच्या साखरेचा खडा दाबला तर त्यात वीज उठते. फार थोडी उठते, पण उठते.

हे कसे होते? तराजू डोळ्यांपुढे आणा. स्फटिकाच्या आत धन कण आणि ऋण कण ठरावीक जागी, ओळीने बसलेले असतात. दोन्ही पारडी सारखी असतात, म्हणून बाहेर काही कळत नाही. खडा दाबला की कण किंचित सरकतात. तराजू कलतो. एका अंगाला धन जास्त, दुसऱ्या अंगाला ऋण जास्त. दोन्ही अंगांना तार जोडली की वीज वाहते. हे सगळ्याच खड्यांत होत नाही. ज्यांची आतली बांधणी एकीकडे झुकती असते, त्यांतच होते. शास्त्रज्ञ या विजेला पिझोइलेक्ट्रिसिटी म्हणतात. आपण तिला दाबवीज म्हणू.

दाबवीज आज घराघरात आहे. गॅसची शेगडी पेटवायचा लायटर पाहा. त्यात पुष्कळदा बॅटरी नसते, तरी तो वर्षानुवर्षे ठिणगी देतो. अंगठ्याने दाबले की आतली स्प्रिंग ताणते, बारीक हातोडी सुटते आणि एका लहान खड्यावर आपटते. खड्यातून हजारो व्होल्टचा झटका निघतो आणि ठिणगी पडते. हा खडा साखरेचा नसतो. साखर ठिसूळ, पाण्यात विरघळणारी. कौले भाजतात तशी खास पूड भट्टीत भाजून हा खडा बनवतात.

तुम्ही म्हणाल, हजारो व्होल्ट, मग माणूस मरत कसा नाही? त्याचे असे आहे. डोंगरावरून पाणी पडते, पण धार केसाएवढी असेल तर अंगाला काय होणार? उंची मोठी, पाणी थोडे. लायटरच्या विजेचेही तसेच. व्होल्ट मोठे, वीज चिमूटभर.

प्लूटोपलीकडे गेलेला पडदा

आता आभाळात चढू. दाबविजेच्या घरातला एक भाऊबंद सूर्यमालेच्या टोकाला जाऊन पोचला आहे.

१९ जानेवारी २००६ ला अमेरिकेने न्यू होरायझन्स नावाचे यान सोडले. १४ जुलै २०१५ ला ते प्लूटोजवळून गेले आणि आणखी पुढे निघाले. या यानावर धूळ मोजायचे एक यंत्र आहे. ते कोलोरॅडो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी बनवले. त्याला व्हेनेशिया बर्नी हिचे नाव दिले आहे. ती इंग्लंडमधली मुलगी. १९३० साली ती ११ वर्षांची असताना तिनेच प्लूटो हे नाव सुचवले होते. शिकणाऱ्यांनी बांधलेले यंत्र, आणि त्याला एका लहान मुलीचे नाव. शिकायला वयाची अट नसते, हे आम्ही तुम्हांला निराळे सांगत नाही.

या यंत्रात प्लास्टिकचे पातळ पडदे आहेत. साधे प्लास्टिक नव्हे. दाबविजेचा गुण असलेले प्लास्टिक. अवकाशातली धूळ बंदुकीच्या गोळीहून वेगाने येते. तिचा कण पडद्यावर आदळला की बारीक खळगा पडतो, आणि त्याच क्षणी पडद्यातून विजेचा झटका उठतो. झटका मोठा तर कण मोठा. अशा रीतीने ज्या जागी माणूस कधी गेला नाही, तेथली धूळ मोजली जाते. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला होता, तेव्हा रशियाच्या व्हेगा नावाच्या यानांवरही असेच पडदे होते.

येथे एक गोष्ट खरी खरी सांगितली पाहिजे. पडद्याला बाहेरून वीज द्यावी लागत नाही. धक्का लागला की तो आपण होऊन हाक देतो. पण ती हाक मोजायला आणि अब्जावधी कोस दूर पृथ्वीवर धाडायला दुसरी यंत्रे लागतात. त्यांना वीज लागते आणि ती यानातल्या दुसऱ्या साधनातून येते. म्हणजे राखणदाराने हाक दिली ती आपल्या दमावर, पण निरोप नेणाऱ्याची भाकर अजून घरूनच येते. निरोप्याची भाकरही धक्क्यातूनच निघावी, असा आता प्रयत्न आहे.

थेंबाथेंबाने रांजण

तो प्रयत्न कसा चालतो, ते पाहू. येथे थोडे आकडे येतील. आपण वाचायला शिकलो ते आकडे वाचण्यासाठीही शिकलो.

घरातल्या एलईडी दिव्यावर ९ डब्ल्यू असे लिहिलेले असते. म्हणजे ९ वॅट. एका वॅटचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाला मायक्रोवॅट म्हणतात. समजा, थरथरीतून वीज काढणारी एक लहान चकती १०० मायक्रोवॅट देते. मग ९ वॅटचा एक दिवा लावायला किती चकत्या लागतील? ९०,०००! एका दिव्यासाठी नव्वद हजार चकत्या कोण बसवील?

म्हणून दिवा लावायचे नाव काढायचे नाही. पण सेन्सरचे पोट फार लहान असते. त्याला अशी सवय लावतात, की बहुतेक वेळ झोपायचे. झोपेत तो काही मायक्रोवॅटवर भागवतो. चकतीतून येणारी थेंबथेंब वीज एका लहान साठवणीत जमत राहते. उन्हाळ्यात झऱ्यातल्या वाटीवाटीने आपण रांजण भरतो, तशी. रांजण पुरेसा भरला की सेन्सर जागा होतो, माप घेतो, चार आकड्यांचा निरोप धाडतो आणि पुन्हा झोपतो. दुष्काळी मुलखातल्या माणसाला हा संसार नवा नाही. थोडे मिळवायचे, साठवायचे, आणि जपून खर्चायचे.

अवकाशात थरथर कोठून येणार? रॉकेट उडताना सारे यान गदगदा हलते. यानाचे तोंड फिरवण्यासाठी आत चाके गरगर फिरत असतात. चंद्रावर बग्गी चालते तेव्हा चाके दगडांवर आपटतात. माणूस असलेल्या यानात माणसाचे हातपाय हलतात. अशा जागी चकती बसवली तर जवळच्या सेन्सरला तार ओढावी लागणार नाही. हा फायदा लहान नाही. यानात सेन्सर शेकड्यांनी असतात. प्रत्येकाला तार. तारांचे वजन होते, आणि अवकाशात एकेक किलो नेण्याला अपार पैसा पडतो. तार वाचली की वजन वाचले.

पण यान एकदा वर जाऊन शांतपणे फिरू लागले की थरथर फार कमी. मंगळावर वारा आहे, पण हवा इतकी विरळ की वाऱ्यात जोर थोडा. म्हणून आज यानांची मुख्य वीज सूर्याच्या उन्हातूनच घेतात. सूर्यापासून फार दूर जाणाऱ्या यानांत प्लुटोनियम नावाच्या धातूच्या उष्णतेतून घेतात. थरथरीची वीज ही मुख्य जेवण नव्हे. ती तोंडी लावणे आहे. पण ऊन न पोचणाऱ्या कोपऱ्यातल्या लहान राखणदाराला तेवढ्यावरही जगता येईल.

पुण्यात आणि कलकत्त्यात

हे काम परदेशातच चालते असे समजू नका. पुण्यात पाषाण भागात आयसर नावाची विज्ञानसंस्था आहे आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तेथल्या शास्त्रज्ञांनी संरक्षण खात्याच्या पुण्यातल्याच संशोधन संस्थेच्या सोबतीने दाबविजेचे नवे स्फटिक तयार केले. नुसता स्फटिक ठिसूळ असतो, म्हणून तो लवचीक प्लास्टिकमध्ये कालवला. कणकेत मोहन घालून मळावे, तसे. मग जो पापुद्रा झाला तो वाकतो, दबतो, आणि दाबला की वीज देतो. हे काम २०२० साली प्रसिद्ध झाले. जुन्या भाजलेल्या खड्यांत पुष्कळदा शिसे असते. शिसे विषारी. या नव्या स्फटिकांत शिसे नाही.

कलकत्त्याच्या आयसरमधल्या शास्त्रज्ञांनी खरगपूरच्या आयआयटीबरोबर २०२१ साली आणखी एक नवल दाखवले. त्यांचा स्फटिक तुटला तर डोळ्याचे पाते लवायच्या आत आपोआप सांधतो. तुटलेल्या दोन्ही तोंडांवर दाबवीज जमते. एका तोंडावर धन, दुसऱ्यावर ऋण. दोन्ही एकमेकांना ओढतात आणि सांधा बसतो. जेथे सांधणारा माणूस पोचत नाही, तेथे असा आपण होऊन सांधणारा खडा मोलाचा ठरेल, असे आम्हांला वाटते.

दाबण्याखेरीज घासण्यातूनही वीज मिळते. कोरड्या केसांतून प्लास्टिकचा कंगवा फिरवा आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्या. कपटे उडून चिकटतात. हिवाळ्यात टेरिकॉटचा सदरा काढताना चटचट आवाज होतो. ती घासण्याची वीज. २०१२ साली अमेरिकेत झोंग लिन वांग या शास्त्रज्ञाने याच गुणावर वीज करणारी पातळ पत्री बनवली. दोन निराळ्या प्लास्टिकांचे थर एकमेकांना टेकतात, सुटतात, आणि वीज उठते.

अडचणीही आहेत. दाबविजेचा खडा फार तापला तर आपला गुण विसरतो. चंद्रावर दिवसा उकळत्या पाण्याहून जास्त ताप आणि रात्री हाडे फोडणारी थंडी. खडा चिकटवलेला डिंक तडकतो. सूर्याकडून येणारे घातक किरण प्लास्टिकला सुरकुत्या आणतात. वर्षानुवर्षे हलूनही जी चकती थकत नाही, अशी चकती बनवायची आहे. ते काम चालू आहे.

आपल्याला याचा काय उपयोग?

कोणी म्हणेल, "चंद्रावर सेन्सर जगला काय आणि मेला काय, आमच्या ज्वारीला त्याचे काय?"

प्रश्न रास्त आहे. पहिले उत्तर असे. अवकाशासाठी शोधलेली वस्तू पुढे जमिनीवर उतरते. पूल थरथरतो, मोटार थरथरते, रेल्वेचा डबा थरथरतो. १७ सप्टेंबर २०२५ ला आपल्या बीडपर्यंत रेल्वे आली. पुलाला तडा जातो आहे का, चाकाजवळचा भाग तापतो आहे का, हे सांगणारा सेन्सर त्याच थरथरीवर जगला तर त्याची बॅटरी बदलायला माणूस पाठवावा लागणार नाही. अशा कामांसाठी ठिकठिकाणी प्रयोग होत आहेत.

दुसरे उत्तर आम्हांला जास्त महत्त्वाचे वाटते. ते तुमच्या कनवटीच्या पैशाचे आहे.

वीज महाग झाली, वेळेवर येत नाही. अशा वेळी गावात कोणीतरी येतो आणि म्हणतो, "हे यंत्र घ्या. डिझेल नको, ऊन नको, बिल नको. एकदा फिरवले की जन्मभर फिरेल. घराचा दिवा, शेताचा पंप, सगळे चालेल." मोबाइलवरही अशी चित्रे फिरतात. चार लोहचुंबक, एक चाक, आणि दिवा लागलेला. पाहणारा भुलतो. उसने काढून पैसे देतो.

आता आपण शिकलेले येथे वापरू या. कोणी सुचवील, की एकादशीला गडावर एवढे लोक येतात. त्यांच्या पायांखाली वीज करणारी फरशी घालू. सारा गड उजळेल. जपानात टोकियोच्या रेल्वे स्थानकात २००६ आणि २००८ साली अशा फरशीचे प्रयोग खरोखर झाले. पण हिशेब करा. माणूस ६० किलोचा. त्याच्या पायाखाली फरशी जाड भाकरीइतकी, म्हणजे ५ मिलिमीटर, दबली. त्या दबण्यातली सगळीच्या सगळी ताकद वीज झाली असे धरले, तरी एका पावलावर ९ वॅटचा दिवा एका सेकंदाचा तिसरा हिस्सा जळेल. एवढेच! शिवाय फरशी दबली की वाळूत चालल्यासारखे पाय भरून येतील. ती वीज कोठून आली? वारकऱ्याने सकाळी खाल्लेल्या भाकरीतून आली. डायनामो टेकवला की पायडल जड होते, ते हेच.

म्हणून यंत्र विकायला आलेल्याला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: यात ऊर्जा कोठून येते? ऊन, वारा, पाणी, इंधन, की माणसाचे अंग? काही तरी एक सांगितलेच पाहिजे. "आपोआप येते" म्हणाला तर समजून जा.

दुसरा प्रश्न: किती वॅट? आकडा यंत्रावर छापलेला दाखवा. तीन अश्वशक्तीच्या पंपाला सव्वादोन हजार वॅट लागतात. तळहाताएवढ्या डबीतून ते येतील का?

तिसरा प्रश्न: हे लिहून, सही करून, पक्क्या पावतीवर द्याल का? जो खरा आहे तो देईल.

अवकाशात यान पाठवणाऱ्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही फुकटची वीज सापडलेली नाही. त्यांच्याजवळ पैसा आहे, ज्ञान आहे, तरी ते मायक्रोवॅट मायक्रोवॅट मोजत बसतात. त्यांना जे मिळाले नाही, ते बाजारात पिशवीत घालून कोण आणील?

भगिनींनो आणि बंधूंनो, निसर्ग उधारी ठेवत नाही आणि फुकटही देत नाही. पण वाया जाणारे थोडेसे जो जपून धरतो, त्याला तो उपाशीही ठेवत नाही. चंद्रावरच्या राखणदाराने ही रीत आता शिकायला घेतली आहे. आपल्या मुलखातली माणसे ती पिढ्यान्‌पिढ्या जाणतात.

घरी गेलात की एक काम करा. घरातल्या प्रत्येक दिव्यावर, पंख्यावर, मोटारीवर किती वॅट लिहिले आहे ते आपल्या डोळ्यांनी वाचा आणि वहीत उतरवा. चष्मा लागत असेल तर लावा, पण मुलाकडून वाचून घेऊ नका. पुढच्या वेळी येताना वही घेऊन या. बेरीज आपण सर्व मिळून करू.